वाचकांचे प्रश्न : टाकी भरलेली, काळं मात्र उमटत नाही

प्रश्न : मी घरूनच टायपिंगची आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याची कामं करते. चार टाक्यांचा प्रिंटर आहे, मॉडेल नंबर सोबत लिहिला आहे. एप्रिलअखेर आम्ही गावी गेलो आणि जूनमध्ये परत आलो. तेव्हापासून निळा, गुलाबी, पिवळा हे तिन्ही रंग नीट येतात, काळा अजिबात येत नाही. टाकीत काळी शाई निम्म्याच्या वर दिसते. हेड क्लीनिंग खूप वेळा केलं. सुरुवातीला काळ्या रंगाच्या थोड्या तुटक रेघा यायच्या, आता त्याही येत नाहीत. दुकानदार म्हणाले, ‘हेड गेलं, दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ प्रवेशाचे दिवस आहेत, मुलं रोज दारात येतात. खरंच नवीन घ्यावा लागेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, नवीन प्रिंटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा, आणि त्याच्याही आधी हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग (हेड) साफ करण्याचा प्रकार, थांबवा. तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार मोलाचं आहे : आधी तुटक रेघा यायच्या, क्लीनिंग करत गेल्यावर त्याही गेल्या. ज्या अर्थी रेघा येत होत्या त्या अर्थी तुम्ही परत आलात तेव्हा हेड जिवंत होतं. बिघाड नंतर वाढला, आणि तो वाढला क्लीनिंगमुळे. अशा वेळी हेड जळण्यापेक्षा नळीत हवा शिरण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. दुकानदारांना हे वाक्य सांगितलं नसेल तर सांगायला हवं होतं. ते ऐकल्यावर ‘हेड गेलं’ असं कुणी लगेच म्हणणार नाही.

हेड क्लीनिंगचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. काम नसताना हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतं. तिथे त्याच्या खाली रबराची कड असलेली एक छोटी चौकोनी वाटी असते, तिला कॅप म्हणतात. कॅपच्या तळाला नळी, आणि नळीच्या टोकाला छोटा पंप. कॅप हेडला खालून घट्ट चिकटते, पंप ओढ देतो, टाकीतली शाई नळीतून हेडमध्ये येते आणि हेडच्या छिद्रांतून कॅपमध्ये उतरते. वाटेत सुकलेला कण असेल तर तो या ओढीनं निघून जावा अशी कल्पना आहे. पण ही सगळी करामत रबराची ती कड हवाबंद बसण्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला की त्या कडेवर शाईची खपली धरते, आतला स्पंज कडक होतो, एखादा केस किंवा कागदाचा धागा कडेवर अडकतो. मग पंप फटीतून नुसती हवा ओढत बसतो. कधी ओढ अर्धवट बसते, तेव्हा शाईसोबत हवेचे बुडबुडेही वाटेत शिरतात. तुम्ही दहा वेळा बटण दाबलंत तर दहा वेळा तेच होतं. रंग आधीपासूनच चालू होते म्हणून कॅपचा दोष झाकला गेला आणि नाव काळ्याचं आलं.

काळ्याचं दुखणं आधी नजरेत येतं त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या मॉडेलच्या हेडमध्ये काळ्यासाठी 180 छिद्रं आहेत आणि तिन्ही रंगांना प्रत्येकी 59. शिवाय आपला सगळा मजकूर काळ्यात. पिवळ्याची पाच छिद्रं बुजली तर फोटोतसुद्धा कुणाला कळत नाही. काळ्याची पाच बुजली की प्रत्येक अक्षरावर पांढरी रेघ दिसते.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी नोझल चेक, म्हणजे हेडची कोणती छिद्रं चालू आहेत ते दाखवणारं पान, काढा, आणि तो कॉम्प्युटरवरून न काढता थेट प्रिंटरवरून काढा. प्रिंटर बंद करा, कागद लावा, थांबवण्याचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवरचं बटण दाबा. पायऱ्यापायऱ्यांच्या रेघांचे चार चौकोन उमटतात. हा कागद जपून ठेवा, त्यावर तारीख लिहा, आणि थोड्या वेळानं दुसरा काढून शेजारी ठेवा. दोन्ही कागदांवर त्याच जागच्या रेघा गळल्या असतील तर तिथे शाई सुकली आहे. गळणाऱ्या रेघा दर वेळी जागा बदलत असतील, किंवा वरच्या रेघा येऊन खालच्या विरत जात असतील, तर हवा आहे किंवा शाई पुरेशी पोचत नाही. काळं पूर्ण भरून आलं तर प्रिंटर ठणठणीत आहे आणि दोष सेटिंगमध्ये आहे. काळा चौकोन पूर्ण कोरा असेल, तुमचा तसाच असणार, तर पुढे वाचा.

स्कॅनरचं झाकण उचला आणि टाकीकडून हेडकडे जाणाऱ्या चार बारीक नळ्यांवर मोबाइलचा टॉर्च मारा. नळ्या अर्धपारदर्शक असतात. काळ्या नळीत मधेच पांढरट, रिकामा तुकडा दिसला तर ती हवा. बोटभर लांबीचा तुकडाही काळं बंद पाडायला पुरतो. टाकीतल्या शाईची पातळी खालच्या रेघेच्या वर आहे ना, टाकीचं बूच नीट बसलं आहे ना, हेही बघून घ्या. काही जुन्या मॉडेलना वाहतुकीसाठी शाई बंद करायची एक खिट्टी असते. घर बदलताना ती फिरवली जाते आणि तशीच राहते. टाकी भरलेली, हेड चांगलं आणि पान कोरं, असा प्रकार तिच्यामुळेही होतो.

मग कॅपकडे वळा. हेड कोपऱ्यात बसलेलं असताना ते कुलूपबंद असतं, तेव्हा ओढाताण करू नका. प्रिंटर चालू करा, हेड कोपरा सोडून डावीकडे सरकलं की प्लग काढून टाका. आता ते हातानं अलगद सरकतं. हेडच्या मागे एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आडवी ताणलेली दिसेल, तिला बोट लावू नका. त्या पट्टीवरच्या अतिसूक्ष्म खुणा वाचून प्रिंटर हेडची जागा ओळखतो. तिला शाईचं किंवा ग्रीसचं बोट लागलं तर काळ्याचं राहिलं बाजूला, हेड कडेला जाऊन आपटायला लागेल.

कॅप उघडी पडली की तिच्या कडेवरून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा कापडाचा तुकडा हळूच फिरवा. कापसाचे बोळे नकोत, तंतू मागे राहतात. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच, बॅटरीच्या दुकानात मिळतं. घेताना बाटलीवरचं नाव वाचून घ्या, शेजारीच अॅसिडचीही बाटली असते. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार छिद्रांत जाऊन बसतात. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही नको. हेडमधले चिकटवलेले भाग आणि कॅपचं रबर त्यांनी खराब होऊ शकतं.

कड साफ झाली की ड्रॉपरनं कॅप काठोकाठ भरा आणि नुसतं बघत राहा. पाणी काळंनिळं होत जाईल, कडेची खपली सुटून वर येईल. दहा-पंधरा मिनिटांनी ते घाण पाणी टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या आणि कॅप ताज्या पाण्यानं पुन्हा भरा. आता प्लग लावून प्रिंटर चालू करा. हेड जागेवर जाईल, पंपाची घरघर ऐकू येईल. पुन्हा आधीसारखं हेड बाहेर काढून कॅपमध्ये डोकवा. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप आणि नळी ठीक. पाणी जसंच्या तसं असेल तर पंपाची वाट बुजली आहे किंवा नळी निसटली आहे. अशा प्रिंटरवर क्लीनिंगचं बटण वर्षभर दाबलं तरी काळ्याचा एक थेंब खाली येणार नाही. हा दोष दुरुस्त होतो, खर्चही हेडच्या मानानं किरकोळ असतो. म्हणूनच कॅप न बघता ‘हेड गेलं’ म्हणणं मला पटत नाही.

पंप ओढतो आहे पण काळं येत नाही, असं असेल तर हेडला रात्रभर शेक द्या. टिश्यूची पातळ घडी करा, डिस्टिल्ड वॉटरनं ओली करा, निथळणारी नको. हेडच्या वाटेवर ती आडवी ठेवा आणि हेड तिच्यावर आणून सोडा. घडी जाड झाली तर हेड अडतं, तिथे जोर करू नका. सकाळी टिश्यू काढून बघा. तीन रंगांचे पट्टे असतीलच. शेजारी काळाही पट्टा उमटला असेल तर शाई छिद्रांपर्यंत पोचते आहे. काळ्याच्या जागी टिश्यू कोरा असेल तर शाई वाटेतच अडली आहे.

टिश्यू काढून घेतल्यावर एकच क्लीनिंग करा आणि नोझल चेक काढा. सुधारणा दिसली, अगदी चार रेघा जास्त आल्या, तर पुन्हा एकदा करा. तीनदा करूनही फरक पडला नाही तर प्रिंटर निदान बारा तास तसाच ठेवा. हा बारा तासांचा नियम कंपनीच्या पुस्तिकेत आहे आणि तो अगदी मनापासून पाळा. शाईतले बुडबुडे त्या वेळात वर सरकतात, सुकलेला कण मऊ होतो. मी कितीतरी प्रिंटर असे बघितले आहेत की जे संध्याकाळी दाद देत नव्हते आणि सकाळी पहिल्याच पानाला पूर्ण काळं घेऊन आले. नळीत हवेचा मोठा तुकडा असेल तर मात्र कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या मेंटेनन्स भागात ‘पॉवर क्लीनिंग’ असतं, ते वापरावं लागेल. त्यात नळीतली सगळी शाई बदलली जाते. त्यासाठी चारही टाक्या एक तृतीयांशाहून जास्त भरलेल्या हव्यात. कमी शाईवर ते चालवलं तर नळीत आणखी हवा जाते आणि हेडला धोका होतो. एकदा केल्यावर पुन्हा बारा तास थांबायचं. या सगळ्यात ओढली गेलेली शाई प्रिंटरच्या तळातल्या पॅडमध्ये जाते. ते पॅड भरलं की प्रिंटर काम थांबवतो, तेव्हा हौसेनं करण्यासारखं हे काम नाही.

सिरिंजनं दाब देऊन हेडमध्ये पाणी मारायला कुणी सांगेल. करू नका. तुमच्या प्रिंटरचं हेड पिझो प्रकारचं आहे. त्यात वीज मिळाल्यावर वाकणारी अतिपातळ पट्टी शाईचा थेंब ढकलते. हाताच्या जोरानं ती पट्टी किंवा दोन रंगांमधली भिंत फुटते, आणि मग ते हेड खरोखरच जातं.

आणि दुकानदारांचं म्हणणं कधी खरं मानायचं? सकाळच्या टिश्यूवर काळा पट्टा स्पष्ट उमटतो, तरी नोझल चेकमध्ये काळा चौकोन ठार कोरा, एक रेघही नाही, आणि हे बारा तासांनंतरही तसंच. तर दोष विजेच्या बाजूला आहे. त्यातही आधी हेडला जाणारी पांढरी चपटी केबल तपासून घ्या, तिच्या टोकावर शाई गेली असली तरी असंच होतं. केबल चांगली निघाली तर मात्र हेड किंवा बोर्ड. हेड बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ जातो, तेव्हा नवीन घेणंच बरं.

तोवर मुलांना परत पाठवू नका. मजकुराचा रंग काळ्याऐवजी निळा करा, आणि तोही शुद्ध निळा. गडद निळा घेतला तर प्रिंटर त्यात काळा मिसळतो. वाचायला आणि नंतर झेरॉक्स काढायला तो चालतो. फॉर्मवर काळ्याचीच अट असेल तेवढीच पानं बाहेरून काढून आणा.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. गावी जाताना तुम्ही प्रिंटर भिंतीवरच्या बटणानं बंद केला होतात का? बहुतेक घरांत तसंच करतात. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केलं की तो आधी हेड कॅपवर नेऊन झाकतो, मग झोपतो. भिंतीवरून वीज तोडली आणि नेमकं तेव्हा हेड बाहेर असलं, तर ते उघडंच राहतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पार कोरडं पडतं. छपाई चालू असताना लाइट गेली तरी तेच. लाइट आली की एकदा चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग हवं तर बंद करा. आणि घरी असताना आठवड्याला एक तरी पान चारही रंगांत काढत जा.

प्रश्न : माझा प्रिंटर छोट्या कार्ट्रिजचा आहे, एक काळं आणि एक रंगीत. काळं कार्ट्रिज दोनदा रिफिल केलं. या वेळी रिफिल करून आणल्यापासून फिकट येत येत काळं बंदच झालं. वरचीच सगळी माहिती मला लागू आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही, तुमचं काम बरंच सोपं आहे. कार्ट्रिज काढून उलटं करा. तळाला बारीक छिद्रांची चमकती पट्टी आणि बाजूला तांब्याच्या रंगाचे ठिपके दिसले, तर तुमचं हेड कार्ट्रिजवरच आहे. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं.

ही हेडं उष्णतेवर चालतात. प्रत्येक छिद्रामागे सूक्ष्म हीटर असतो, तो क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. 1977 मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला टेकलं आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली. आयुष्यभर सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही हकिगत फार आवडते. तुमच्यासाठी त्यातला मुद्दा एवढाच, की त्या हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. कार्ट्रिज रिकामं झाल्यावरही फिकट पानं काढत राहिलात तर हीटर कोरडे तापतात आणि जळतात. जळालेलं कार्ट्रिज कितीही रिफिल केलं तरी उपयोग नसतो.

टिश्यूची घडी कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि कार्ट्रिजचं तोंड खाली करून तिच्यावर दोन मिनिटं ठेवा. मग कोरड्या टिश्यूवर टेकवा. घट्ट, सलग काळी पट्टी उमटली तर शाई येते आहे. तांब्याचे ठिपके धागे न सुटणाऱ्या ओलसर कापडानं पुसा, सुकू द्या, परत बसवा. पट्टी उमटलीच नाही तर वरचं लेबल बघा. रिफिल करणाऱ्यानं हवेचं भोक चिकटपट्टीनं बंद केलेलं असतं, मग आत पोकळी होऊन शाई खाली येत नाही. पट्टी काढून बघा. एवढं करून काळं आलं नाही तर नवीन कार्ट्रिज घ्या, त्यावर आणखी वेळ घालवू नका.

आजच्या आज काम अडलं असेल तर : एचपीच्या बऱ्याच दोन कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये काळं कार्ट्रिज काढून ठेवलं तर प्रिंटर तीन रंग मिसळून काळा तयार करतो. थोडा करडा दिसतो, वेग कमी होतो, पण पान निघतं.

प्रश्न : नोझल चेकमध्ये काळं पूर्ण येतं. फोनवरून किंवा वर्डमधून प्रिंट दिली की काळं तपकिरी किंवा हिरवट झाक मारतं. प्रिंटर टाकीचा, कॅननचा आहे. कशामुळे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कागदाचा प्रकार बघा. प्रिंटच्या खिडकीत तो फोटो पेपर किंवा ग्लॉसी असा राहिला असणार. तुमच्यासारख्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे रंग डायचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाचे, असतात. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते चकचकीत कागदात मुरत नाहीत, वरच राहतात आणि हाताला लागतात. म्हणून फोटो पेपर निवडला की प्रिंटर काळ्या टाकीला हात न लावता तीन रंगांतून काळा बनवतो. ‘प्लेन पेपर’ निवडा, काळं पुन्हा घट्ट येईल. फोनवरून प्रिंट देताना ही निवड वेगळी असते, तिथेही बदला.

हीच युक्ती उलटीकडून कामाला येते. अशा प्रिंटरचं काळं कधी बंद पडलं तर मुद्दाम फोटो पेपर निवडून साधा कागद लावा. मजकूर निघतो, फक्त थोडा फिका.

प्रश्न : आमच्याकडे काढलेला सातबारा पावसात भिजला आणि सगळी अक्षरं पसरली. टाकीत पिगमेंट शाई भरली तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा प्रिंटर डाय शाईसाठी बनवला असेल तर भरू नका. त्याचं हेड, नळ्या, कॅप सगळं त्या शाईच्या हिशेबानं केलेलं असतं. पिगमेंटचे कण बसले की सगळ्यात आधी काळं बंद पडेल. नव्या बाटलीवरचा शाईचा नंबर टाकीच्या लेबलशी जुळतो का तेवढं बघत जा, आणि दोन प्रकारच्या शाया एका टाकीत कधीच मिसळू नका. पावसाळ्यात लोकांच्या हातात द्यायचे दाखले आणि उतारे रोज निघत असतील तर त्यांच्यासाठी छोटा लेझर प्रिंटर ठेवा. त्याचा टोनर, म्हणजे रंगाची भुकटी, उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेला असतो, पाण्यानं पसरत नाही. तो घेईपर्यंत उतारा प्लास्टिकच्या पाकिटात घालूनच हातात द्या.